शंभर डेन्सिटीची गादी आणि भंगारवाल्याचा काटा

घरात शंभर किलोच्या आसपासचं किंवा त्यावरचं कुणी असेल आणि त्यांच्यासाठी कडक, टिकाऊ गादी बघत असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा. आमचे साडेतेरा हजार गेले. पैशाचं एक वेळ ठीक आहे, पण त्या गादीवर आईनं जे सात महिने काढले ते आठवलं की मला अजून झोप लागत नाही.

आईचं वजन 112 किलो. वय 67. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा तसाच ओढत चाललाय. ती आयुष्यभर कापसाच्या गादीवर झोपली. दर दोन-तीन वर्षांनी कापूस पिंजून गादी परत भरून घ्यायची, हे आमच्या घरी ठरलेलं. पण वजनदार माणसाखाली कापूस दबतो आणि बाजूला सरकतो. कमरेखाली फळी लागायला लागली, पायाकडं नुसते गोळे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, गादी कडक बघा, कडेवर बसल्यावर कड खाली जायला नको, आणि उंची अशी ठेवा की बसल्यावर गुडघे कमरेच्या वर येणार नाहीत.

2024 चा जानेवारी होता. आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा चालू, गड्ड्याच्या जत्रेत गर्दी आणि बाजारात जिकडंतिकडं सेलचे बोर्ड. आईला पाळण्यांची रोषणाई लांबूनच दाखवली आणि परत येताना एका मोठ्या दुकानात शिरलो. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

आत गेल्यावर मी पहिलंच वाक्य बोललो, की आईचं वजन 112 आहे, त्या हिशोबानं दाखवा. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं ह्याच वाक्यावर सगळं फिरलं. मालक स्वतः उठून आले. "मावशी, तुमच्यासाठीच आहे बघा ही. रीबॉन्डेड, शंभर डेन्सिटी. वर एक इंच चाळीस डेन्सिटीचा मऊ फोम, खाली पाच इंच सलग रीबॉन्डेड. दहा वर्षं बघायचं काम नाही." त्यांनी गादीवर मूठ मारून दाखवली. कडेवर पाय देऊन उभे राहिले. कोपऱ्यातली चेन वीतभर उघडली आणि आतले रंगीबेरंगी तुकडे दाखवले, हिरवे, गुलाबी, पिवळे, घट्ट दाबून चिकटवलेले. रीबॉन्डेड फोम असाच दिसतो. कारखान्यात उरलेल्या फोमच्या तुकड्यांचा चुरा करून, गोंद घालून, दाबून त्याचा ठोकळा करतात. तो जड असतो, कडक असतो आणि चांगल्या दर्जाचा असला तर वर्षानुवर्षं बसत नाही. म्हणजे माणूस जे बोलत होता ते ऐकायला बरोबरच होतं.

आईला म्हटलं, जरा आडवी होऊन बघ. दुकानात दहा-बारा माणसं होती. तिनं पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं आणि कडेवरच दोन मिनिटं बसली. "बरी आहे की, कडक आहे," म्हणाली. एवढ्यावर आम्ही ठरवलं. शरीरानं मोठं असलेलं माणूस चारचौघांत दुकानातल्या गादीवर आडवं होत नाही, हे त्या दुकानदाराला पक्कं माहीत असणार. आणि त्या अख्ख्या गादीत खरा माल जिथं होता, नेमकी तीच जागा तिनं बसून बघितली होती.

पैसे देताना म्हणाले, "पक्कं बिल केलं तर 18 टक्के वर जातील. कशाला उगं? वॉरंटी कार्ड देतो की, कार्ड महत्त्वाचं." मी कच्च्या चिठ्ठीवर तयार झालो. दहा हजार रोख, साडेतीन हजार फोनवरून. चोवीसशे-तीस रुपये वाचवले असं वाटलं. चिठ्ठीवर फक्त "गादी 6×4" आणि आकडा.

पहिले दोन महिने खरंच चांगले गेले. होळीनंतर आई म्हणायला लागली, की कूस बदलताना मधे ओढल्यासारखं होतंय. मी म्हटलं, नवीन गादी आहे, सवय होईल. मे महिन्यात ती मधेच रुतायला लागली. रात्री लघवीला उठायचं म्हणजे आधी खिडकीचा गज धरायचा, मग त्या खोलगटातून स्वतःला वर ओढायचं आणि मग कडेवर यायचं. ऑपरेशन झालेला गुडघा त्या ओढाताणीत पिळवटायचा. जूनमध्ये एका रात्री पाणी प्यायला उठलो तर आई गादीच्या कडेवर, अगदी वीत-दीड वीत जागेत, भिंतीला पाठ लावून झोपलेली. मला हाक मारली नव्हती. साडेतेरा हजारांची वस्तू आणलीय, आता कुरकुर कशाला, असा तिचा हिशोब.

जुलैमध्ये मी गादीवर आडवी दोरी ताणून धरली आणि मधे पट्टी उभी केली. गादीवर कुणीच नसताना पावणेदोन इंचांचा खड्डा भरला. दुकानात फोन केला तर म्हणाले, डोक्याकडची बाजू पायाकडं फिरवा, ठीक होईल. फिरवायला गेलो. बायको दुसरं टोक धरायला यायच्या आत मी एकट्यानंच गादी उचलून उभी केली होती. हात तिथंच थांबले. सहा फूट बाय चार फूट, सहा इंच जाड, पाच इंच शंभर डेन्सिटी, आणि मी ती एकटा अशी कशी काय उचलतोय?

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. आमचा सगळा धंदा वजनावर चालतो. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं, त्याला जीएसएम म्हणतात. 500 जीएसएमचा 30 बाय 60 इंचाचा टॉवेल म्हटला की तो 580 ग्रॅमच्या आसपास भरलाच पाहिजे. हाताला मऊ लागतो, फुगीर दिसतो, ह्याला आमच्याकडं काही किंमत नाही, काटा काय म्हणतो ते बघायचं. पंधरा वर्षं मी रोज हेच करतोय. आणि आईची गादी मी मुठीनं दाबून आणली.

डेन्सिटी म्हणजे तरी दुसरं काय? एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. शंभर डेन्सिटी म्हणजे घनमीटरला शंभर किलो. आमच्या गादीत सहा बाय चार फुटांचा पाच इंची थर, म्हणजे 10 घनफूट. घनमीटरला 35.3 घनफूट होतात. म्हणजे रीबॉन्डेड एकटाच 28 किलो पाहिजे. वरचा चाळीसचा एक इंच, ते सव्वादोन किलो. खोळ धरून 31-32 किलो.

गल्लीच्या तोंडाशी भंगारवाला आहे, त्याच्याकडं जमिनीवरचा मोठा काटा आहे. गादी खांद्यावर टाकून नेली. आकडा आला 15 किलो 200 ग्रॅम. मी त्याला काटा शून्यावर आणून परत ठेवायला लावली. परत तेवढंच. त्यानं कागदावर तारीख घालून लिहून दिलं, मी गादी काट्यावर असतानाचा फोटो काढला.

सोफ्याची कामं करणारे एक मामा आमच्या शेजारी राहतात. त्यांनी ब्लेडनं खोळ उसवली. वर इंचभर स्वस्तातला हलका फोम, त्याखाली इंचभर रीबॉन्डेडचा पत्रा. तो उचलला तर खाली चौकट. चारी बाजूंनी तीन-तीन इंच रुंदीच्या रीबॉन्डेडच्या पट्ट्या चिकटवलेल्या, आणि मधे पांढऱ्या ईपीई फोमचे तक्ते, एकावर एक. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो ना, तोच पॅकिंगचा फोम. मामांनी मधला एक तक्ता उचलून माझ्या हातात दिला. कडेला त्याची जाडी इंचभर होती आणि जिथं आईची कंबर यायची तिथं तो चपटा होऊन पापडासारखा झाला होता. बोटानं दाबला तर कुरकुर आवाज यायचा, वर मात्र यायचा नाही. "कोपऱ्यात चेन उघडून दाखवली असणार," मामा म्हणाले. "चौकट तेवढ्यासाठीच असतीया."

ईपीई फोम हाताला कडक लागतो, म्हणून दुकानात फसायला होतं. पण तो पुन्हा पुन्हा भार सोसायला बनलेला नाही. बारीक हवेच्या कप्प्यांचा असतो तो. रोज रात्री तेच वजन त्याच जागी पडलं की कप्पे बसतात आणि परत फुगत नाहीत. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाला कदाचित दोन वर्षं कळलं नसतं. 112 किलोला चार महिन्यांत कळलं. कडकपणा आणि टिकाऊपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. हलका फोमसुद्धा रसायनं बदलून कडक करता येतो. मुठीला कडकपणा कळतो, डेन्सिटी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. आई म्हणाली, मीपण येते, मीच वापरलीय, मीच सांगते. रिक्षानं आम्ही गेलो, गादीचे तुकडे पिशवीत. दुकानदारानं तुकड्यांकडं बघितलंच नाही. आधी म्हणाले, पलंगाची फळी वाकली असणार. मी सांगितलं, दोरी लावून बघितलीय, फळी सरळ आहे. मग म्हणाले, ह्याला खड्डा म्हणत नाहीत, हा शरीराचा ठसा, तो वॉरंटीत येत नाही. मी कार्ड पुढं केलं. त्यांनी ते उलटं केलं आणि बारीक इंग्रजी अक्षरांतल्या एका ओळीवर बोट ठेवलं: एका माणसामागं 90 किलोपर्यंतच वॉरंटी. मी म्हटलं, मी पहिल्या वाक्यात 112 सांगितलं होतं. तेव्हा ते गिऱ्हाइकांकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "माल चांगलाच आहे ओ. वापरणाऱ्याचं वजन पण बघा की जरा."

आई काही बोलली नाही. खाली बघून माझी बाही ओढली, "चल, जाऊ दे, माझंच वजन जास्त आहे." रिक्षात बसल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या रात्री कडेवर झोपली तेव्हा ती रडली नव्हती.

मला हे सगळ्यात जास्त सांगायचं आहे. वजनदार माणसाची फसवणूक सोपी जाते, कारण माल बिघडला की दोष त्याच्या अंगावर ढकलता येतो आणि तो माणूस लाजेनं गप्प बसतो. 112 किलोचं माणूस पेलणारी गादी बनत नाही असं अजिबात नाही. बनते, आणि आपण पैसे मोजतो ते तिच्याचसाठी. वजन सांगून घेतलेली वस्तू त्या वजनाला टिकली नाही, तर चूक विकणाऱ्याची आहे. तुमच्या घरात आई, मावशी, भाऊ कुणी असं बोलून गप्प बसत असेल तर त्यांना गप्प बसू देऊ नका.

तक्रारीचं सांगतो. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, तिथं मी नोंद केली. दुकानाकडून उत्तर आलं, की असा माल आम्ही विकलाच नाही, बिल दाखवा. 18 टक्के वाचवल्याचा अर्थ त्या दिवशी कळला. कार्डवर शिक्का नव्हता, अनुक्रमांकाची जागा कोरी. ज्या वॉरंटीवर मी भरवसा ठेवला होता ती कागदावर अस्तित्वातच नव्हती. नशिबानं साडेतीन हजार फोनवरून गेल्याची नोंद होती आणि गादी पाठवायचा पत्ता मी त्यांच्या नंबरवर मेसेज केला होता, त्याखाली त्यांचं "संध्याकाळी पोचेल" असं उत्तर होतं. एवढ्या दोन धाग्यांवर पुढचं चाललंय. मधे त्यांचा माणूस घरी आला, चार हजार घ्या आणि तक्रार नाही असं लिहून द्या म्हणाला. आईनंच दारातून परत पाठवला.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिलीय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणजे बिल नाही म्हणून तोंड लपवायची गरज नाही, उलट तेही तक्रारीत लिहायचं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पडत नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत अर्ज द्यावा लागतो. मी अर्जाला भंगारवाल्याची चिठ्ठी, दोरी-पट्टीचा फोटो आणि उसवलेल्या गादीचे फोटो जोडले. खोळ उसवताना व्हिडिओ काढायला हवा होता, तो राहिला. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी व्हिडिओ चालू करा, मग ब्लेड लावा.

नवी गादी मामांच्या ओळखीनं फोम कापून देणाऱ्याकडं करून घेतली. ह्या वेळी मी घरून स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणि फूटपट्टी घेऊन गेलो. दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा तुकडा कापून मागायचा. तो बरोबर एक लिटरचा होतो, त्यामुळं जितके ग्रॅम भरेल तितकी डेन्सिटी. चाळीसच्या फोमचा तुकडा 40 ग्रॅम, शंभरच्या रीबॉन्डेडचा 100 ग्रॅम. फोमच्या पहिल्या दुकानात "चाळीस" म्हणून दाखवलेला तुकडा 27 ग्रॅम भरला. मी काही न बोलता बाहेर आलो. दुसरीकडं 39 आला. रीबॉन्डेड 101. वजनावरसुद्धा डोळे झाकून जायचं नाही, कारण काही जण फोममध्ये खडूची पूड घालून वजन वाढवतात; तुकडा चुरगाळून बघितला की पांढरी पूड हाताला लागते आणि असा फोम लवकर तुटतो. रीबॉन्डेडमध्ये रेक्झिन, चिंध्या दिसल्या तर तो ठोकळा नको म्हणायचं.

मेमरी फोमचा आग्रह एकानं खूप केला, आजकाल सगळे तेच नेतात म्हणून. मी नको म्हटलं. तो उष्णतेनं मऊ पडतो, त्याचा गुणच तो. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, खोलीत एसी नाही, आणि वजनदार माणूस त्यात रुतून घामानं भिजणार. नुसता रीबॉन्डेडही नको होता, कारण आई कुशीवर झोपते. दगडासारख्या गादीवर खांदा आणि खुबा रात्रभर ठणकतो. म्हणून खाली सहा इंच सलग रीबॉन्डेड, वर दोन इंच चाळीसचा फोम. एकूण आठ इंच. पलंग बारा इंचांचा, म्हणजे बसायला वीस इंच उंची आली, आईच्या गुडघ्याला ती बरोबर बसते. पलंगाची फळी 12 मिलीमीटरची होती, सरळ होती तरी बदलून 19 ची टाकली आणि मधे एक आडवी पट्टी आणि पाय वाढवला. खोळीला तीन बाजूंनी चेन लावून घेतली, पूर्ण उघडणारी.

खोळ घालायच्या आधी गादी काट्यावर चढवली. हिशोबानं साडेअडतीस किलो यायला पाहिजे होती, 38 किलो 100 ग्रॅम भरली. पक्क्या बिलासकट 15 हजार 400 लागले. बिलावर दोन्ही थरांची डेन्सिटी, जाडी आणि एकूण वजन लिहून घेतलं. तो माणूस म्हणाला, "आजपर्यंत असं कुणी लिहून मागितलं नव्हतं, पण लिहितो की, त्यात काय."

आणि आईला मंगळवारी दुपारी नेली होती, दुकानात चिटपाखरू नव्हतं. घरून सोलापुरी चादर घेतली होती, ती अंगावर टाकली आणि पंधरा मिनिटं झोपू दिली. पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. फोम कापणारा पोरगा स्वतःहून बाहेर जाऊन उभा राहिला. आई उठली ती कडेवर हात टेकून, एका दमात.

घरी ती गादी आली त्याला आता काही महिने झालेत. दर महिन्याच्या एक तारखेला मी दोरी ताणून पट्टी लावतो. खिडकीचा गज धरायचं आईनं सोडलंय.